शिकलेले सांगू द्या

पालकभेटीच्या रविवारी आपल्या पटांगणात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "किती मार्क पडले?" तो काळजीपोटी येतो, हे आम्ही जाणतो. तथापि दुसरी-तिसरीतल्या लेकराला त्याहून मोलाचा प्रश्न विचारता येईल : "काय शिकलास, मला सांग बरं."

आपल्या समाजाला शिकण्याइतकाच शिकलेले बोलून दाखवण्याचा हक्कही झगडून मिळवावा लागला. फुले दाम्पत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या, मातंग समाजातील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. ते पाठांतर नव्हते. हाती आलेल्या अक्षरांतून एका मुलीने मांडलेला तो जाब होता. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. पुढे मुंबईत हायस्कुलात असताना शिक्षकांनी त्यांना फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागचे डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुले ते उचलण्यास धावली, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. तो फळा आज आपल्या लेकरांना मोकळा आहे. त्यापुढे उभे राहून ती काय बोलतात, हा खरा प्रश्न आहे.

१४ एप्रिलला चौथीतले मूल पाठ केलेले भाषण खणखणीत आवाजात म्हणते, टाळ्या पडतात. पण एक शब्द विसरला की ते रडवेले होते, कारण ते शब्द त्याचे नसतात. बीज कसे रुजते हे स्वतःच्या बोलीत सांगणारी मुलगी मात्र अडली तरी थांबत नाही. शेतात राबणारी तिची आई त्यात दोन गोष्टींची भर घालते. ज्या आईच्या वाट्याला शाळा आली नाही, तीही मग शिक्षणात सहभागी होते. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलाचे शिक्षण त्याला घरापासून तोडणारे ठरू नये, म्हणून हे अगत्याचे आहे.

यात वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, असा आक्षेप आमचे सहकारी घेतील. आम्हांस तसे वाटत नाही. हातच्याची वजाबाकी समजावताना मूल जिथे थबकते, तिथूनच शिक्षकाचा पुढचा पाठ सुरू होतो. मुलाला भयमुक्त करून त्याला मोकळेपणाने मत मांडू द्यावे, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही सांगितले आहे. औरंगाबादच्या महाविद्यालयास बाबासाहेबांनी ज्या मिलिंद राजाचे नाव दिले, तो तर भदन्त नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा होता. आपल्या परंपरेत प्रश्न हा उद्धटपणा नव्हे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर शनिवारी प्राथमिक वर्गांत एक तास मुलांचा असावा. त्यात त्यांनी आठवड्यात शिकलेले सांगावे, इतरांनी प्रश्न विचारावेत आणि "मला ठाऊक नाही" हे उत्तरही सन्मानाने स्वीकारले जावे. पालकांनी भेटीच्या दिवशी हेच ऐकावे. माजी विद्यार्थ्यांनीही या तासाला यावे. मात्र प्रमुख पाहुणे म्हणून नव्हे, तर मुलांच्या पंक्तीत सतरंजीवर बसून ऐकण्यासाठी.