महोदय, महोदया आणि मधली तिरकी रेघ

प्रति,
मा. भाषा संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सरकारी पत्रातला मायना आणि नावाआधीची उपपदं

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या खुर्चीवर सध्या बाई आहेत की पुरुष, याची चौकशी न करता हे पत्र लिहिता आलं. वर पदनाम आहे आणि मायन्यात नमस्कार आहे, एवढ्यावर भागलं. तरी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या आमच्या अणदुरात जो अर्ज टाईप होतो, त्यात पदनामाखाली 'महोदय/महोदया' येतंच. नमुनाच तसा. दहावीच्या मराठीच्या पेपरातल्या पत्रलेखनापासून हाताला तेच वळण.

ही तिरकी रेघ दिसायला उदार आहे. 'लागू नसेल ते खोडावे' अशी बारीक अक्षरातली सूचनाही फॉर्मवर असते, पण खोडत कुणी नाही. पीकविम्याची तक्रार असो की वारसनोंद, माणूस एसटीच्या घाईत असतो. मग टाईप करणारा एकच शब्द ठेवतो आणि तो बहुधा 'महोदय' असतो, नाहीतर सरळ 'साहेब'. ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांना राखीव करणारा कायदा २०११ चा, 'मा. सरपंच साहेब' अजून चालूच आहे. बाई खुर्चीत आणि साहेब कागदावर.

अर्ज लिहून देण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मायना एका ओळीचा. क्रियापद अर्जभर छळतं. स्वयंघोषणापत्राच्या छापील नमुन्यात 'घोषित करतो/करते की' असं असतं. तेच मजकुरात 'विनंती करतो', 'लिहून देतो' असं उतरत जातं आणि खाली अंगठा किंवा सही बाईची. बचत गटाच्या अर्जाला ही अडचण नाही, कारण 'आम्ही करतो' म्हटलं की त्यात सगळ्या आल्या. एकट्या बाईनं काय करायचं? उपाय मराठीतच पडून आहे. 'अर्ज सादर करत आहे', 'माझी विनंती आहे', 'माहिती खरी असल्याचे घोषित करत आहे'. रेघही लागत नाही, व्याकरणही बिघडत नाही. शेवटी 'आपला/आपली विश्वासू'च्या जागी 'कळावे, लोभ असावा' लिहिलं तर आपल्या आज्याही ओळखतील ते पत्र.

खरी टोचणी मात्र नावाआधी आहे. पुरुषाच्या नावाआधी 'श्री.' टाईप झालं की विषय संपला. लग्न झालंय की नाही, बायको आहे की गेली, कुणी विचारत नाही. बाईला विचारावं लागतं, तेही चार माणसं रांगेत उभी असताना. सरकारी पत्रात 'श्रीमती' सरसकट लावतात, पण आमच्याकडे ते वाचून समोरची दचकते. "श्रीमती कशाला लिवताव? मालक हैत की आमचे!" तिच्यामागची बाई काहीच बोलत नाही, तिचं उत्तर त्या न बोलण्यातच कळतं. पंचेचाळिशीतल्या अविवाहित शिक्षिकेला 'कु.' लावताना बोट तर अडतंच. अर्ज असतो ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा. त्यात नवरा जिवंत असण्याचा संबंध काय?

कुणी हौसेनं, हट्टानं 'सौ.' लिहायला लावलं तर लिहून द्यावं. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' राहू दे, तो घरचा मामला. कार्यालयानं मात्र आपण होऊन विचारू नये, एवढंच म्हणणं आहे.

शासन या विषयाला अधूनमधून हात घालतं, पण भलत्याच टोकाकडून. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानं तो इतर गावांपुढे ठेवला, हे चांगलं झालं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांचं पत्र आलं, 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याबद्दल. टीका झाल्यावर तो केवळ चर्चेसाठीचा प्रस्ताव असल्याचा खुलासा झाला. कुंकू पुसू नका म्हणायचं आणि नावाआधी पुन्हा चिठ्ठी चिकटवायची, हे कसलं सुधारणं? त्यापेक्षा १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावण्याचा निर्णय सरळ होता. आणि फोन उचलल्यावर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणा, हे ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांना सांगणाऱ्या शासनाला पत्राच्या मायन्यात लक्ष घालणं जड जाऊ नये.

तोंडी मराठीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. रामराम बाईलाही आणि बुवालाही. वारीत शेजारून चालणारं कुणीही असो, माउलीच. आमचा खंडोबा काही महिने अणदुरात असतो, काही काळ नळदुर्गच्या मैलारपुरात, आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणताना भक्त बाई आहे की पुरुष हे कुणी बघत नाही. देवाच्या त्या जाण्यायेण्याचासुद्धा आमच्याकडे लेखी करार होतो, तेव्हा कागदाला काय किंमत असते ते या गावाला ठाऊक आहे. म्हणूनच कागदावरचं खुपतं.

माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ साली तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंचपदी निवडून दिलं. गावकऱ्यांना मत देताना अडचण आली नाही. त्या सरपंचांना पत्र लिहिताना मात्र 'महोदय/महोदया'तलं काय खोडायचं? 'मा. सरपंच, सप्रेम नमस्कार' एवढं लिहिलं की झालं. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या माथूर पंचायतीनं २०२१ मध्ये आपल्या कार्यालयातून 'सर' आणि 'मॅडम' दोन्ही बाद केले. पदनामानं किंवा नावानं बोलवा, म्हणाले. त्यांना लागला तो एक ठराव.

तुमचं काम त्याहून सोपं आहे. पदनाम कोश तुमच्याच संचालनालयाचा. जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी ही पदनामं कुणालाही चालतात, बाईला वेगळं रूप लागत नाही. ग्रामसेवक-ग्रामसेविका ही जोडीही २०२४ मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' झाल्यावर आपोआप मिटली, हेतू वेगळा होता तरी. आता अर्ज, नोटीस आणि परिपत्रकाचे नमुने एकदा तपासा. मायन्यात नमस्कार ठेवा, नावाआधीचा रकाना काढून टाका, क्रियापदं वर सांगितल्यासारखी फिरवा. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा शिक्के, पाट्या, लेटरहेड सगळं नव्यानं करावं लागलं. इथं संगणकातल्या एका फाइलमधल्या दोन ओळी काढायच्या आहेत.

आणि एक प्रत बालभारती व परीक्षा मंडळाला जाऊ द्या. दहावीच्या पेपरात एखाद्या मुलीनं 'महोदय'ऐवजी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, तर मायन्याचा अर्धा मार्क कापू नये, असं तपासणाऱ्यांना लेखी कळवावं.

कळावे, लोभ असावा.

अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव