तिसरे चाक

तीनचाकी मोटारसायकल म्हणजे तरुणांचा नवा षोक, असा पुष्कळांचा समज होतो. अमेरिकेत पाहावे, तर तिजवरील स्वार पुष्कळदा पांढऱ्या केसांचा! कारण वेगात नव्हे, थांबण्यात आहे. लांब पल्ल्याची अवजड दुचाकी धावत असता आपला तोल बहुतांशी आपणच राखते. थांबताच तिचे तीनचारशे किलोंचे धूड स्वाराच्या पायांवर रेलते. साठी उलटलेले गुडघे मग कुरकुरतात. हार्ले डेव्हिडसनची १९३२ सालची तीनचाकी दुरुस्तीवाल्यांच्या व पोलिसांच्या उपयोगाची होती. २००९ सालची ‘ट्राय ग्लाइड’ मात्र खास प्रवासाची. तीस मागे हटण्याचीही सोय असते. वळणावर ती कलत नाही, हातांस जोर पडतो, ही जुन्या स्वारांची तक्रार खरीच. पण गाडी विकून घरी बसण्यापेक्षा ती त्यांस सोसवते.