पर्सनल बेस्ट : ९१ सेंटिमीटर

पावसाळा लागला की इन्स्टावर एक ठरावीक फोटो दिसायला लागतो. मागे जेटीचा कठडा, अंगात रेनकोट, कपाळावर हेडटॉर्च आणि दोन्ही हात सरळ पुढे करून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलेला मासा. हात जितके पुढे, तितका मासा मोठा, हे गणित आता शाळकरी पोरांनाही माहीत झालंय. खाली दोनच अक्षरं : पीबी. म्हणजे पर्सनल बेस्ट.

यात हसण्यासारखं काही नाही. क्रिकेटमध्ये समोर दुसरी टीम असते, परीक्षेत शेजारच्याचे मार्क असतात. गरवायला बसलं की स्पर्धा फक्त स्वतःच्या मागच्या माशाशी. मागचा दोन किलोचा होता ना, मग सव्वादोनचा लागला तरी रात्रभर झोप येत नाही. त्याआधी किती संध्याकाळी ‘काय लागलं?’ ‘काही नाही’ एवढ्याच संवादावर घरी परतलो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. तेव्हा पीबीबद्दल थोडं वाकडं बोलायचं असेल, तर सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

माझा पीबी म्हणजे ९१ सेंटिमीटरचा जिताडा. रत्नागिरीची मांडवी जेटी, आषाढ शुद्ध दशमी. तिथे नेहमी बसणाऱ्या एका चाचांनी सांगितलं होतं, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला पाणी पूर्ण भरणार. (तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. मोबाइलवरचं टाइड अ‍ॅप यायच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावर हे चालत आलंय आणि थोडंफार इकडेतिकडे सोडलं तर चुकत नाही.) काजळी नदीचं लाल गढूळ पाणी भाट्याच्या खाडीतून बाहेर येत होतं. गरीला जिवंत बोय लावलेली. आठच्या सुमारास सुकती लागली, पाणी बाहेर ओढायला लागलं आणि रील एकदम कर्रकन सुटलं.

जिताडा गरीला लागला की पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झाडतो. अंधारात तो दिसला नाही, नुसता आवाज आला, कुणी भरलेली बादली उपडी केल्यासारखा. पुढची वीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत. चाचा हाताला फडकं गुंडाळून खालच्या पायरीवर उभे होते, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. मी वरून ओरडत होतो, ‘चाचा, सांभाळून, तुटेल!’ ‘तू गप ऱ्हा रे,’ एवढंच म्हणून त्यांनी तो वर घेतला.

घरी आई म्हणाली, ‘उद्या एकादशी आहे. आत्ताच्या आत्ता साफ कर, उद्या या घरात कुणी हात लावणार नाही त्याला.’ पोट फाडलं तर आत दोन्ही बाजूंनी गाभोळी, माझ्या मनगटाएवढी जाड. आईने रवा लावून तळली, रात्रीतच संपवायची म्हणून शेजारीपाजारी वाटली. चव? अप्रतिम. खोटं कशाला बोलू!

मग काही दिवसांनी, पीबी पोस्ट करून लाइक्स मोजून झाल्यावर, या माशाबद्दल वाचायला बसलो. आपला जिताडा म्हणजेच गोव्यातला चोणक आणि टीव्हीवरच्या फिशिंग शोमधला बारामुंडी. याचं आयुष्य भन्नाट आहे. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, अंगाने भरला की मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठाले जिताडे बहुतेक माद्याच. एरवी खाडीत, नदीच्या वरच्या पाण्यात राहणारा हा मासा पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. आता जोडा सगळं. मोठा आहे म्हणजे मादी. आषाढ आहे म्हणजे गाभोळीने भरलेली. आणि खाडीचं तोंड म्हणजे आपली जेटी! पीबी लागायची सगळ्यात चांगली वेळ आणि जागा म्हणून आपण जी एकमेकांना कानात सांगतो, ती तिच्या बाळंतपणाची वेळ आणि जागा आहे. मोठी मादी लाखोंनी अंडी देते, आणि लहानीपेक्षा ती नुसती थोडी जास्त नाही, कितीतरी पट जास्त देते.

आपल्याकडचे नियम बघितले तर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती यांत्रिक बोटींना, जेटीवर गरी टाकणाऱ्याला नाही. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, तो पिल्लं वाचावीत म्हणून. चांगलंच आहे ते. पण मोठ्या माशाला वाचवणारं त्यात काही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये याच बारामुंडीला दोन्हीकडून मर्यादा आहे : ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवायचा नाही. मधला घरी न्या, मजेत खा.

एका गळाने खाडी रिकामी होत नाही, हे कबूल. पर्ससीन आहे, एलईडीच्या बोटी आहेत, खाडीत सोडलेलं सांडपाणी आहे, त्यापुढे आपली गरी म्हणजे किस झाड की पत्ती. आणि ज्यांच्या घरची चूल त्या जेटीवर पेटते, त्यांना ‘मासा सोडा’ म्हणायची माझी हिंमतही नाही, हक्कही नाही. चाचांच्या पिशवीतला जिताडा म्हणजे त्यांच्या घरचा आठवड्याचा किराणा. बोलतोय ते आपल्याशी. चार-पाच हजारांचा रॉड घेऊन वीकेंडला येतो, मासा नाही लागला तर जाताना चिकन घेऊन जातो, त्या आपल्याशी. आपल्याला लागतो तो आकडा आणि फोटो. हे दोन्ही मासा जिवंत असतानाही मिळतात.

फक्त ते नीट करावं लागतं. कठड्यावरून दोरीने लोंबकळत वर ओढलेला मोठा मासा नंतर दहा फुटांवरून परत टाकला, तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. पायऱ्या असलेली जागा आधीच हेरून ठेवायची (शेवाळावर पाय घसरतो आणि उधाणाच्या दिवशी पायऱ्यांवर उतरायचंच नाही, हे वेगळं सांगायला नको). गरीचा उलटा काटा घरूनच पक्कडीने चेपून आणायचा, म्हणजे ती पटकन निघते. गरी पार घशात गेली असेल तर ओढाताण न करता तंगूस जवळून कापायची. हात ओले करून धरायचा, पोटाखाली आधार द्यायचा, टेप लावायची, फोटो काढायचा. मासा पाण्याबाहेर आला की स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला असह्य झालं की त्यालाही झालेलं असतं. मग पाण्यात धरून ठेवायचा, शेपटी स्वतःहून जोरात हलेपर्यंत.

आणि हो, हात पुढे करून फोटो काढायची गरजच उरत नाही. टेपवर ९१ म्हणजे ९१.

परवा चाचांना हा सगळा बेत सांगितला. यंदा आषाढात मोठा लागला तर मोजून सोडणार म्हटलं. त्यांनी विडी विझवली, माझ्या रॉडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘सोड की. तुझा मासा, तू सोड,’ म्हणाले. ‘पण मी खालच्या पायरीवर असताना नको सोडू. मी धरीन.’