पवनचक्कीचे जुने पाते

वारा फुकट मिळतो. परंतु त्याला धरणारे पाते फुकट मिळत नाही, आणि निकामी झाल्यावर ते आपोआप नाहीसेही होत नाही. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर विसाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. त्यांची रांग पाहून मन हरखते. त्या जुन्या पात्यांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र पाहणाऱ्यास सहसा सुचत नाही.

पवनचक्कीचे आयुष्य साधारणतः 20 ते 25 वर्षांचे धरतात. ती उतरविल्यावर मनोऱ्याचे पोलाद भट्टीत वितळते, तारांतील तांबे पुन्हा कामास येते. अडते ते पात्यापाशी. काचेच्या बारीक तंतूंचे थर इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून पाते घडवितात. ही राळ एकदा घट्ट झाली, की लाखेप्रमाणे उष्णतेने पुन्हा पातळ होत नाही. जो गुण वादळात पात्याला तारतो, तोच पुढे त्याची विल्हेवाट अवघड करून ठेवतो.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात कॅस्पर येथे अशी पाती कापून जमिनीत पुरण्यात आली. कोळशाच्या राखेच्या ढिगांपुढे हा कचरा थोडाच, असे कोणी म्हणतात; आणि ते खोटे नाही. तथापि स्वच्छ विजेसाठी उभारलेल्या यंत्राचा पसारा पुढील पिढीच्या जमिनीत लोटणे न्याय्य कसे म्हणावे? जर्मनीत पाती पुरण्यास मनाई आहे, हे योग्यच होय.

मुळात पाते अधिक काळ टिकविणे हाच पहिला उपाय. मोठ्या चक्कीच्या पात्याचे टोक ताशी सुमारे 300 किलोमीटर वेगाने फिरते. त्या वेगात पावसाचा साधा थेंबही छिन्नीसारखा लागतो. कडा झिजते, पाते खडबडीत होते आणि वीज कमी मिळते. दोरांवर लोंबकळत कारागीर ती कड घासून तिच्यावर नवा लेप चढवितात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणाऱ्या शेतकऱ्याचेच हे शहाणपण!

उतरविलेल्या पात्यांचेही उपयोग आहेत. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात 2022 साली जुनी पाती तुळयांप्रमाणे वापरून पादचारी पूल बांधला गेला. पण असे पूल किती बांधणार? सिमेंटच्या भट्टीत राळ इंधन म्हणून जळते व काच सिमेंटात मिसळते. मात्र तंतूंचे बळ तेथे वाया जाते. म्हणून सौम्य आम्लात सुटणाऱ्या राळेची पाती आता निघाली आहेत. जर्मनीच्या समुद्रातील कास्कासी येथे 2022 साली ती प्रथम बसविण्यात आली. त्यांची खरी परीक्षा ती उतरविली जातील तेव्हाच होईल.

तोवर थांबून राहणे मात्र बरे नव्हे. चक्की उभारण्याची अनुमती देतानाच तिची पाती कोण उतरविणार, कोठे नेणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हे लिहून घेतले पाहिजे. आणि ती रक्कम पहिल्या वर्षापासूनच बाजूस काढून ठेवावयास हवी.