अतिश्वसनाचा शिरस्ता

डोक्यास जबर मार लागलेला रुग्ण शस्त्रक्रियागृहात आला, की व्हेंटिलेटरचा वेग आधी वाढवून ठेवावयाचा आणि मग पुढील कामकाजाकडे वळावयाचे, हा शिरस्ता आपल्या व्यवसायात अद्याप पुरता मोडलेला नाही. त्याला शास्त्राधार नाही असे मात्र नव्हे. कवटीच्या बंद पोकळीत मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव यांपैकी एकाने अधिक जागा व्यापली तर इतरांना माघार घ्यावी लागते, हा मन्रो यांनी १७८३ मध्ये मांडलेला व केली यांनी १८२४ मध्ये पुष्ट केलेला सिद्धान्त. आणि धमनीरक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब एका मिलिमीटरने घटला की मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी कमी होतो, हेही निर्विवाद. कवटीतील दाब उतरतो तो रक्तवाहिन्या आकसल्यामुळे, म्हणजे मेंदूची रसद तोडूनच.

निरोगी मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या काही तासांत ते पुष्कळ रुग्णांत निम्म्यावर आलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यात आणखी कपात करतो. मुइझेलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ज्यांचा स्नायुप्रतिसाद आरंभी बरा होता अशा रुग्णांची प्रकृती, सलग पाच दिवस अतिश्वसन दिल्यामुळे, तिसऱ्या व सहाव्या महिन्यांत इतरांहून वाईट आढळली. बाहुली विस्फारली आहे, मेंदू खाली सरकू लागला आहे आणि शल्यविशारदाच्या हाती कवटी उघडण्यास थोडा अवधी हवा आहे, एवढ्यापुरतीच या उपायाची मातबरी.

कॅप्नोग्राफवरील आकड्यावर विसंबणारांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. तो आकडा धमनीतील आकड्याहून बहुधा कमी असतो. आणि रक्तस्राव झालेल्या रुग्णात तो अकस्मात उतरला, तर ती आपल्या वायुवीजनाची सफलता नसून हृदयाकडून येणारा प्रवाह आटल्याची वर्दी असू शकते. चेस्नट यांच्या १९९३ च्या पाहणीत आकुंचनदाब ९० च्या खाली एकदा जरी गेला तरी मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले, हे ध्यानात घेता प्रोपोफॉलची नेहमीची मात्रा बेधडक देणारा हात आवरलेला बरा. (केटामिन द्यावे की नाही यावर परिषदांतून जितका वेळ खर्च होतो, त्याचा चतुर्थांश जरी रक्तदाबाला मिळाला असता!)

तेव्हा ड्यूरा ताणलेली आहे अशी शल्यविशारदाची तक्रार येताच व्हेंटिलेटरला हात घालण्यापूर्वी मान वळून गळ्याच्या शिरा दबल्या आहेत काय, नळीची फीत गळ्याभोवती करकचून बांधली गेली आहे काय, डोक्याकडची बाजू ३० अंश उचललेली आहे काय, भूल उथळ झाली आहे काय, हे पाहावे. रक्तदाबाचा ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीस आणावा, नाहीतर मेंदूचा रक्तपुरवठा-दाब असतो त्याहून सुमारे दहा मिलिमीटरांनी अधिक भासेल. मॅनिटॉलची मात्रा गेली आहे ना, याची खातरजमा करावी. इतके करूनही अतिश्वसन देणे भागच पडले, तर ते सुरू केल्याची वेळ, त्याचे कारण आणि थांबविल्याची वेळ भूलपत्रिकेवर नोंदवावी.