डॉक्टर नाही झालो, तर?

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. अनेक जण दगावले. अशा रुग्णाला ॲट्रोपिन किती द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. पण रात्रभर नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्यांवर लक्ष ठेवते ती परिचारिका. रक्तातील कोलिनेस्टरेज तपासतो तो तंत्रज्ञ. ‘नीट’साठी तिसरे-चौथे वर्ष घालवणाऱ्या मुलांना या वाटा क्वचितच सांगितल्या जातात. एकदा पुन्हा प्रयत्न जरूर करावा. मात्र सोबत बीएस्सी नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे अर्जही भरावेत. प्रवेशापूर्वी संस्थेला परिचर्या किंवा परावैद्यक परिषदेची मान्यता आहे का, हे तपासावे. नाहीतर कापूस विकून भरलेली फी वाया जाते आणि हाती नुसता कागद उरतो.