राय बीअरचा वर्ग जिभेसाठी, पोटासाठी नव्हे

अमेरिकेत घरी बीअर बनवण्याला केंद्र सरकारने १९७८ मध्ये कायद्याने मुभा दिली. तेव्हापासून हा छंद तिथे चांगलाच रुजला आणि घरगुती बीअरच्या स्पर्धाही सुरू झाल्या. या छंदातला नेहमीचा एक पेच म्हणजे राय घालून केलेली बीअर स्पर्धेत कोणत्या वर्गात उतरवायची? इथे राय म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे. गहू-बार्लीच्या कुळातले, युरोपातल्या थंड प्रदेशात पिकणारे हे धान्य आहे.

बहुतेक स्पर्धा 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' या संस्थेची वर्गवारी वापरतात. तिच्यात राय बीअरला एकच घर नाही. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरचे यीस्ट वापरून केळी आणि लवंगेसारखा वास आला असेल, तर ती 'रोगेनबिअर', म्हणजे ऐतिहासिक बीअरच्या वर्गात. हॉप्सचा कडवटपणा आणि वास पुढे असेल, तर 'राय आयपीए'. मूळ प्रकार दुसराच, पण रायची चव त्यात स्पष्ट लागत असेल, तर 'पर्यायी धान्याची बीअर'. आणि राय घालूनही ती जाणवत नसेल, तर मूळ प्रकाराचाच वर्ग.

यातले तत्त्व साधे आहे. पाककृतीत काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून पेल्यात काय उतरले आहे ते पाहायचे. 'मी एवढी राय घातली' हे परीक्षकाला चाखता येत नाही. ५० गुणांपैकी सर्वाधिक २० चवीला असतात. तेव्हा एखाद्या जाणकार मित्राला काही न सांगता बीअर चाखायला द्यावी आणि तो जे नाव घेईल तो वर्ग निवडावा, हे उत्तम.

मात्र जी वर्गवारी स्पर्धेत योग्य ठरते, तीच आरोग्याच्या बाबतीत दिशाभूल करू शकते. 'पर्यायी धान्य' हे शब्द ऐकून अनेकांना ती बीअर ग्लुटेनमुक्त वाटेल. संपूर्णपणे ग्लुटेनमुक्त घटकांपासून केलेली बीअर याच वर्गात उतरवता येते, त्यामुळे हा गैरसमज आणखी पक्का होतो. म्हणजे केवळ ज्वारीची बीअर आणि बार्लीत राय मिसळलेली बीअर एकाच वर्गात शेजारी बसू शकतात. पहिलीत ग्लुटेन नाही. दुसरीत बार्लीतले हॉर्डीन आणि रायमधले सेकॅलिन, दोन्ही आहेत.

सिलिअ‍ॅक आजाराच्या रुग्णासाठी हा फरक मोठा आहे. या आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न नीट शोषले जात नाही. जुलाब, रक्तक्षय, हाडांची झीज हे त्याचे परिणाम. काहींना त्रास जाणवत नाही, तरी आतड्याची हानी चालूच राहते. आंबवण्याने ग्लुटेनचे काही तुकडे होतात, पण ते नाहीसे होत नाही. अन्नपदार्थ 'ग्लुटेनमुक्त' म्हणवण्यासाठी अमेरिकेत आणि भारतातही किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. घरच्या भांड्यात ती तपासणार कोण?

दुसरा मुद्दा अल्कोहोलचा. रोगेनबिअरमध्ये ते साधारण साडेचार ते सहा टक्के असते, तर राय आयपीए आठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ३५५ मिलिलिटरच्या बाटलीत पाच टक्क्यांना सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते, आठ टक्क्यांना २२ ग्रॅमच्या वर. बाटली तेवढीच, पण मात्रा दीडपटीहून अधिक. बीअर 'घरची' असल्याने ती सौम्य होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था १९८८ पासून मद्याला कर्करोगकारक मानते, आणि त्यात घरचे-बाहेरचे असा भेद नाही.

स्पर्धेत बाटली निनावी असते, कारण परीक्षकाने फक्त चव पाहायची असते. तीच बाटली पाहुण्याच्या हाती जाताना मात्र निनावी नसावी. त्यात कोणती धान्ये आहेत आणि अल्कोहोल किती टक्के, या दोन ओळी चिठ्ठीवर लिहायला मिनिटभरही लागत नाही. वर्ग चुकला तर फार तर गुण जातील. या दोन ओळी राहून गेल्या तर त्याची किंमत पिणारा मोजेल.